दाट तिथीला मोकळा कोण? लग्नाच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

लग्नाच्या धंद्यात नवा माणूस उतरला की आधी कार्ड छापतो, मग इन्स्टाग्रामवर पान काढतो आणि नवरीच्या बापाच्या फोनची वाट बघत बसतो. तो फोन येत नाही. मराठवाड्यात लेकीचं लग्न काढलेला बाप अनोळखी माणसाच्या हातात इसार ठेवत नाही. तो मेव्हण्याला विचारतो, मेव्हणा गेल्या साली ज्याने मंडप टाकला त्याचं नाव सांगतो, आणि विषय तिथेच मिटतो.

पण त्या मंडपवाल्याकडे त्याच तारखेला आधीच दोन लग्नं असतात. तिसरं त्याला नाही म्हणवत नाही, कारण पाव्हणा जवळचा असतो. मग तो रात्री फोनमधली नावं चाळत बसतो: उद्या मोकळा कोण आहे, आणि आपलं नाव खराब करणार नाही असा कोण आहे? पहिल्या दोन-तीन वर्षांत तुमचं खरं गिऱ्हाईक हा माणूस. म्हणजे तुमच्याच धंद्यातला, तुम्ही ज्याला स्पर्धक समजता तो. मंडप असो, फोटो असो, केटरिंग, साउंड, मेकअप किंवा निवेदन असो, पुढचं सगळं या माणसाच्या यादीत आपलं नाव कसं जाईल याबद्दल आहे.

पायरी 1: माणसांच्या आधी तारखा

एक वही घ्या, पंचांग उघडा आणि वर्षाच्या लग्नतिथी उतरवून काढा. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होते, पौषात मंदावते, माघ-फाल्गुनात पुन्हा चढते आणि वैशाख-ज्येष्ठात कळसाला जाते. आषाढी एकादशीनंतर पंचांगवाल्यांची गर्दी ओसरते. अधिक महिना आला की सगळं गणित हलतं. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून; म्हणजे ऐन उन्हाळ्यातला एक महिना मुहूर्ताविना. अशा वर्षी एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा तुडुंब भरतो. जुन्या लोकांना माणसं कमी पडतात ती तेव्हाच. गुरू-शुक्राचा अस्त असला तरी असंच होतं. अशा दाट तिथींना वहीत लाल खूण करा, कारण तुमचा फोन त्या दिवशी वाजणार आहे.

आपल्याकडच्या तारखांना आणखी एक पदर आहे, तो पंचांगात सापडत नाही. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब झाला की मग कार्यं निघतात. या भागात काम करायचं असेल तर टोळीच्या मुकादमाशी ओळख ठेवा. कोणाच्या घरी यंदा लग्न आहे हे त्याला फडातच कळलेलं असतं. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात पावसाचं आणि भावाचं बघावं लागतं. माल घरात पडून असेल तर लग्न होतं, पण तुमची बाकी लांबते.

आणि सगळं पंचांगावर सोडू नका. नवी मंडळी इथे हमखास कमी पडतात. बौद्ध लग्नं मुहूर्त बघत नाहीत. सोयीचा वार, बहुतेक वेळा रविवार, बघून लागतात. मुस्लिम घरांतलं निकाह-वलीम्याचं वेळापत्रक चांद्र महिन्यांवर चालतं: रमजान आणि मोहरम सोडले तर बाकी वर्ष खुलं, आणि ते इंग्रजी तारखांच्या मानाने दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतं. म्हणजे आपल्या चातुर्मासातही तिकडे काम असतं. लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरांत लग्न लावायला जंगम येतात, बंजारा तांड्यावरची रीत वेगळी, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू पाव्हणे असले तर मुहूर्त पहाटेचाही निघतो. ज्याच्या फोनमध्ये भटजीही आहेत, बौद्धाचार्यही आहेत आणि नान-खलिया करणारा संभाजीनगरचा बावर्चीही आहे, तो आषाढात माशा मारत बसत नाही.

पायरी 2: लग्नाची खबर आधी कोणाला लागते

सुपारी फुटल्यापासून अक्षता पडेपर्यंत एका घरातून किती जणांकडे फेऱ्या होतात ते क्रमाने लिहून बघा. आधी तिथी काढणारे गुरुजी. मग मंगल कार्यालय किंवा लॉन्स, कारण तारीख मिळते की नाही यावर बाकी सगळं ठरतं. मग सोनार. मग बस्ता, म्हणजे लग्नाची कापडखरेदी. मग पत्रिका छापणारा. त्यानंतर आचारी, मंडप, फोटो, बँड, आणि शेवटी मेहंदी, मेकअप, फेटेवाला.

या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात ते ओळखा, आणि तुमच्या आधी जे उभे आहेत त्यांच्याकडे जा. तुमच्या मागे उभे असलेले तुमच्याकडे येतीलच. मेकअप करणारीने मंडपवाल्याच्या मागे लागण्यापेक्षा बस्त्याच्या दुकानात ओळख करावी. लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरात गुलमंडी-पैठण गेटच्या बाजूला बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी जीप भरून येतात आणि अर्धा दिवस गादीवर बसून असतात. नवरीचा शालू निवडून झाला की तिथेच कोणीतरी विचारतं, "मेकअपला कोण आहे हो तुमच्या माहितीत?" त्या वेळी गादीवरच्या सेल्समनच्या तोंडात तुमचं नाव असलं पाहिजे. मालकाच्या तोंडात असलं तर उत्तमच, पण मालक गल्ल्यावर असतो.

पत्रिकेचा छापखाना याहून कमी लेखला जातो. तारीख, गाव, कार्यालयाचं नाव, घरातला कर्ता माणूस हे सगळं त्याच्या टेबलावर आधीच येऊन पडलेलं असतं. मात्र त्याच्याकडून फोन नंबर उचलून लोकांना परस्पर फोन लावत सुटू नका. लोक छापखान्याला बोल लावतात आणि ते दार तुम्हाला कायमचं बंद होतं. "कोणी विचारलं तर माझं नाव सांगा" एवढंच म्हणावं.

कार्यालयवाल्यांचं वेगळं. संभाजीनगरच्या बीड बायपासला ओळीने लॉन्स आहेत. तिथल्यासारख्या मोठ्या जागांना बहुतेक ठरलेले डेकोरेटर आणि ठरलेले केटरर असतात, आणि बाहेरचा आला तर काही ठिकाणी त्याच्याकडून रॉयल्टी घेतात. मालकाला भेटून फारसा उपयोग नाही. मॅनेजरला भेटा, त्याहून आधी वॉचमनला आणि इलेक्ट्रिशियनला. गाडी मागच्या दाराने कुठवर येते, थ्री फेज कुठे आहे, आधीचं कार्य किती वाजता हलतं, हे तेच सांगतात. ज्याला एखाद्या जागेची नस माहीत आहे त्याला बाहेरून येणारा मोठा डेकोरेटर स्वतःहून शोधतो.

पायरी 3: दुसऱ्याच्या ऑर्डरवर जा, आणि दुसऱ्याचेच होऊन जा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे. इथे ज्याचं वागणं चुकलं त्याला बाकीच्या पायऱ्यांचा उपयोग होत नाही.

तालुक्यातल्या तुमच्याच कामाच्या चार-पाच जुन्या लोकांची नावं काढा. बिछायत केंद्रवाला असेल तर त्याच्या गोडाउनवर जा. तो गोडाउनवर दुपारी सापडतो, कनाती वाळत घातलेल्या असतात आणि पोरं झालर घडी करत असतात. फोटोग्राफर असेल तर स्टुडिओत सकाळी अकराच्या आत. हंगाम नसताना जा. भर सराईत "काका, ओळख करून घ्यायला आलो" म्हणणाऱ्याला कोणी बसा सुद्धा म्हणत नाही. काय बोलायचं तेही ठरवून जा: मी अमुक काम करतो, माझ्याकडे एवढं सामान आहे, तुमच्याकडे तारखा दाटल्या तर माझी माणसं-सामान घेऊन तुमच्या नावाने येईन. रेट विचारला तर सांगा, स्वतःहून काढू नका.

तालुक्यागणिक फोटोग्राफरांच्या आणि मंडपवाल्यांच्या संघटना असतात. वर्गणी भरा, बैठकीला जा, 19 ऑगस्टला फोटोग्राफर मंडळींचा जागतिक छायाचित्रण दिनाचा कार्यक्रम असतो तेव्हा खुर्च्या लावायला आधी पोचा. संघटनेतलं राजकारण पहिल्या वर्षी कानाआड करावं. कोणाचं कोणाशी पटत नाही एवढं मात्र लक्षात ठेवा, म्हणजे एकाच्या ऑर्डरवर दुसऱ्याचं कौतुक होणार नाही.

मग एक दिवस फोन येतो. "परवा मोकळा हाईस का रे?" हो म्हटलं की काही गोष्टी पाळायच्या.

त्या लग्नात तुम्ही त्याचे. कार्ड खिशातून काढायचं नाही. नवरदेवाच्या मित्राने नंबर मागितला तर मुख्य माणसाचा द्यायचा. टी-शर्टवर स्वतःच्या स्टुडिओचं नाव असेल तर तो घरी ठेवायचा. पैशाचा विषय घरच्यांशी काढायचा नाही, अगदी त्यांनी "तुम्ही डायरेक्ट आलात तर किती?" असं विचारलं तरी. हा प्रश्न हमखास येतो, कधी खरा असतो आणि कधी मुख्य माणसानेच विचारायला लावलेला असतो. काम झाल्यावर फोटो-व्हिडिओ स्टेटसला टाकायचे असतील तर त्याला विचारून, आणि तेही त्याने स्वतः टाकल्यानंतर. फोटोच्या धंद्यात डेटा त्याच रात्री त्याच्या हार्ड डिस्कवर उतरवून द्यायचा. आपल्याकडे प्रत राहिली असेल तर तसं सांगायचं.

कोणी म्हणेल ही तर गुलामी झाली. नाही, ही उमेदवारी आहे, आणि ती कायमची नसते. जो माणूस दुसऱ्याच्या लग्नात आपलं दुकान मांडत नाही त्याची बातमी धंद्यात फार लवकर पसरते. उलट एखाद्याने परस्पर गिऱ्हाईक वळवलं तर ती बातमी त्याहून लवकर पसरते, आणि शेजारच्या तालुक्यापर्यंत जाते.

पायरी 4: मांडवाच्या मागे

स्टेजवर शार्पी लाइट फिरत असतात, समोर सोफ्यावर पुढारी बसलेले असतात, आणि नवी मंडळी तिथेच घुटमळतात. ओळखी मागे होतात, भट्टीपाशी.

पहाटे तीन-साडेतीनला एखाद्या कार्यालयाच्या मागे जाऊन बघा. गॅसच्या भट्ट्या फुरफुरत असतात. आचारी, ज्याला सगळे महाराज म्हणतात, येसर भिजवून ठेवतो: भाजलेल्या धान्या-डाळींचं, मसाल्याचं ते पीठ गार पाण्यात नीट कालवलं नाही तर आमटीत गुठळ्या होतात, म्हणून हे काम तो पोरांवर सोडत नाही. बाजूला बुंदीचा झारा कढईच्या काठावर आपटत असतो. बचत गटाच्या बाया पोळ्यांना बसलेल्या असतात. त्यांतली एक म्होरकी असते, बाकीच्यांची हजेरी तीच ठरवते. टँकरवाला नळी सोडून केबिनमध्ये झोपलेला. जनरेटरचा पोरगा डिझेलच्या कॅनवर बसून मोबाइल बघतो. वाढपी पोरांचा मुकादम माणसं मोजत असतो आणि दोघं कमी भरलेली असतात.

या वेळी चहाची किटली घेऊन मागे जाणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. ही मंडळी एका दिवसाला एका लग्नात असतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, त्यामुळे कोणत्या मंडपवाल्याची माणसं पळाली, कुठल्या केटररला कोणी दगा दिला, कोणाला तातडीने कोण हवंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. फोनमध्ये नावं साठवताना नुसतं नाव लिहू नका, काम आणि गाव लिहा: "जनरेटर केज", "पोळ्या रेणापूर", "टँकर मोंढा". रात्री दोनला अडचण आली की आडनाव आठवत नाही, काम आठवतं.

पाण्याचा उल्लेख मुद्दाम केला. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. परिस्थिती दरवर्षी तितकी बिकट नसते, पण मे महिन्यात हजार-दीड हजार ताटांचं कार्य आणि कार्यालयाची बोअर आटलेली, हा प्रसंग आजही येतो. त्या वेळी ज्याच्या एका फोनवर टँकर येतो तो मग फोटोग्राफर का असेना, घरच्यांच्या आणि केटररच्या दोघांच्याही लक्षात राहतो. स्वतःच्या कामाबाहेरची एक अडचण सोडवता येईल इतक्या ओळखी प्रत्येकाकडे हव्यात.

पायरी 5: पैशाचे व्यवहार

हाताखालच्या माणसांची हजेरी त्याच रात्री द्या. मालकाकडून बाकी यायची असली तरी द्या. वाढपी, हेल्पर, लाइट धरणारा पोरगा यांना "आठवड्यात देतो" म्हणणाऱ्याकडे दाट तिथीला कोणी येत नाही.

इसार घेतल्याशिवाय तारीख अडवू नका आणि घेतला की व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: तारीख, जागा, काय काय देणार, किती मिळाले, किती राहिले, बाकी कधी. जवळच्या पाव्हण्याला तर नक्की पाठवा. लोकांना राग येत नाही, उलट यादी केल्यासारखं वाटतं. याद्या करायची सवय लग्नघराला असतेच.

कमिशनबद्दल दोन मतं आहेत. माझं असं: जिथे कमिशन चालतं तिथे आधी ठरवून द्या, ठरल्याप्रमाणे द्या, आणि तेवढी रक्कम गिऱ्हाइकाच्या बिलात चढवू नका. गुरुजींना, बस्त्याच्या सेल्समनला, छापखानेवाल्याला पैसे चिकटवत बसण्यापेक्षा दिवाळीला घरी जाऊन फराळ देणं आणि त्यांच्या घरच्या कार्यात बोलावण्याआधी उभं राहणं जास्त टिकतं. ज्याला पैशाने जोडलं, त्याला दुसरा कोणी जास्त पैशाने तोडतो.

कागदोपत्री फार अवघड काही नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांचे कार्यक्रम करायचे असतील तर त्या जीएसटीचं बिल मागतात आणि पैसे महिना-दीड महिन्याने देतात, तेवढा दम असला तरच तिकडे वळा. केटरिंगवाल्याने अन्नपरवाना काढून ठेवावा.

पायरी 6: कुठल्या कामाला नाही म्हणायचं

रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे साउंडवाल्याने घरच्यांना तारीख ठरतानाच सांगावं. वरात निघाल्यावर सांगितलं तर भांडण होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मराठवाड्यात बालविवाह अजून होतात. मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण नसतील तर 2006 च्या कायद्याने असा विवाह लावणाऱ्याला, घडवून आणणाऱ्याला आणि मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मंडप, स्वयंपाक, फोटो, बँड यांच्यावरही गुन्हे दाखल झालेले आहेत. म्हणून इसार घेतानाच दोघांच्या वयाचा दाखला बघायची पद्धत ठेवा, सगळ्यांकडे सारखीच, म्हणजे कोणाला टोचत नाही. घाईघाईत ठरलेलं, शेतात किंवा देवळात गुपचूप लावायचं लग्न आलं तर सावध व्हा. गावात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो. एक ऑर्डर जाईल, जाऊ द्या.

पायरी 7: सराई नसते तेव्हा

आषाढ ते कार्तिक हा ओळखी पेरायचा काळ. गणपती आणि नवरात्राचे मांडव तर असतातच, पण आपल्याकडे सगळ्यांत मोठं व्यासपीठ म्हणजे गावचा अखंड हरिनाम सप्ताह. बरेच सप्ताह हिवाळ्या-उन्हाळ्यात येतात, श्रावणातही असतात. सात दिवस मंडप, सात दिवस साउंड, रोजची पंगत, शेवटी काल्याचा महाप्रसाद, आणि पंचक्रोशीतली माणसं रोज तिथे. साउंडवाल्याला याहून चांगली जाहिरात नाही: कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू आला की गावातली म्हातारी माणसंसुद्धा विचारतात, "स्पीकर कोणाचा हाय?" पहिल्या वर्षी कमी दरात करा, अगदी फुकट करू नका. फुकट केलं की पुढच्या वर्षीही तेच गृहीत धरतात.

लग्नानंतरचं जागरण-गोंधळ, तुळजापूरची वारी, बारसं, डोहाळजेवण यांत रक्कम लहान असते, पण एका घरात वर्ष-दोन वर्षांत तीनदा जाणं होतं. गोंधळी मंडळींशी बोलत राहा. संबळ घेऊन ते ज्या घरांत जातात तिथे नुकतंच एक लग्न झालेलं असतं आणि पुष्कळदा धाकट्याचं ठरत असतं.

पायरी 8: तुमच्याकडेच दोन लग्नं आली की

ही वेळ लवकर येते, बहुधा तिसऱ्या सराईत. एकाच तारखेला दोन ऑर्डरी, दोन्ही सोडवत नाहीत. नवा माणूस इथे दोन्ही घेतो आणि अर्धी टीम इकडे, अर्धी तिकडे करतो. तसं करू नका. दुसऱ्या ऑर्डरीसाठी, ज्याने तुम्हाला पहिल्यांदा बोलावलं त्या जुन्या माणसाला आधी विचारा. तो मोकळा नसेल तर तुमच्यासारख्याच एखाद्या नव्याला द्या.

देताना घरच्यांना खरं सांगा की मी स्वतः येऊ शकत नाही, अमुक माणूस येईल, त्याच्या कामाची जबाबदारी माझी. हे न सांगता दुसऱ्याला पाठवलं तर हळदीच्या दिवशीच फोन येतो, "तुम्ही कुठं हाव?" शक्य असेल तर साखरपुड्याला किंवा जागा बघायला जाताना त्याला सोबत घेऊन जा आणि ओळख करून द्या. पैसे थेट त्याला मिळू द्यायचे की तुमच्यामार्फत, ते तिघांसमोर ठरवा. स्वतःचा हिस्सा घेणार असाल तर किती ते त्याला आधी सांगा. पहिल्या ऑर्डरीवर न घेतलेला बरा. आणि कार्य उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांना फोन करून विचारा, काम कसं झालं, ताटं पुरली का, लाइट गेली होती का. तक्रार असेल तर ती त्या नव्याला त्याच दिवशी सांगा, एकट्याला, गोडाउनवर बोलावून.